‘कॅज’ (cadge) या इंग्रजी क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचताना, ब्रिटिश मालिका पाहताना किंवा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना ‘कॅज’ हे छोटेसे क्रियापद हमखास आडवे येते. कोशात त्याच्यापुढे ‘भीक मागणे’ असा अर्थ दिसतो, तो जसाच्या तसा मराठीत उतरवला जातो आणि मित्राकडे सिगरेट मागणारा साधा माणूस मराठी वाचकाला एकाएकी देवळाच्या पायरीवर बसलेला दिसू लागतो. या शब्दाचा आजचा अर्थ, त्याचा इतिहास आणि त्याला मराठीत जागा कशी करून द्यावी, याविषयी विद्यार्थी, वाचक व अनुवादक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

‘कॅज’ या क्रियापदाचा आज रूढ असलेला अर्थ कोणता?

ज्यावर आपला हक्क नाही आणि ज्याची परतफेड करण्याचा आपला फारसा विचारही नाही, अशी एखादी किरकोळ वस्तू किंवा सोय दुसऱ्याकडे मागून पदरात पाडून घेणे, हा या क्रियापदाचा आजचा अर्थ आहे. सिगरेट, चहा, एखादे जेवण, गाडीतून घरापर्यंत सोडणे, रात्रीपुरती झोपायला जागा, पाच-दहा पौंडांची नोट अशा गोष्टी ‘कॅज’ केल्या जातात. मागणी लहान असते आणि देणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. त्याला नाही म्हणता येते, पण तसे म्हणणे त्याच्या जिवावर येते, आणि मागणाऱ्याला हे ठाऊक असते. या शब्दातली खरी गंमत त्या ठाऊक असण्यातच आहे.

शब्द अनौपचारिक आहे, परंतु अश्लील किंवा शिवराळ नाही. तो प्रामुख्याने ब्रिटनमध्ये बोलला जातो. सरकारी पत्रात किंवा संशोधनपर निबंधात तो शोभणार नाही. वर्तमानपत्राच्या स्तंभात, कादंबरीत किंवा घरगुती बोलण्यात तो सहज खपून जातो.

वाक्यात हे क्रियापद कसे चालते? ‘बेग’ (beg) या क्रियापदाच्या जागी ते ठेवता येते का?

नेहमी ठेवता येत नाही. ‘बेग’ या क्रियापदाचे कर्म माणूसही असू शकतो: एखाद्या व्यक्तीला विनवणे, तिच्या हातापाया पडणे, हा अर्थ त्यात येतो. ‘कॅज’चे कर्म सहसा मिळणारी वस्तू असते आणि देणारा माणूस ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑफ’ या अव्ययानंतर येतो. ‘ही कॅज्ड अ सिगरेट फ्रॉम द ड्रायव्हर’ या वाक्यात मिळाली ती सिगरेट, आणि ड्रायव्हर हा ती जिथून आली ते ठिकाण. ‘ऑन द कॅज’ असा एक प्रयोगही आहे. सतत काही ना काही मागण्याच्या बेतात असलेल्या माणसाविषयी तो वापरला जातो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. दया, क्षमा, जीवदान या गोष्टी ‘बेग’ करता येतात, ‘कॅज’ करता येत नाहीत. ‘बेग’मध्ये मागणाऱ्याची अगतिकता असू शकते, तर ‘कॅज’मध्ये अगतिकता आली की शब्द लगेच खोटा पडतो. उपाशी मूल भाकरी मागते तेव्हा त्याला ‘कॅज’ म्हणणारा निवेदक निर्दय ठरतो, आणि काही लेखक नेमका हाच परिणाम साधण्यासाठी तो शब्द अशा निवेदकाच्या तोंडी घालतात.

या शब्दाचा मूळ अर्थ भीक मागणे हाच होता का?

नाही. आधी ‘कॅजर’ हे नाम आले आणि त्याचा भिकेशी काहीही संबंध नव्हता. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकापासून ‘कॅजर’ म्हणजे घोड्याच्या किंवा तट्टाच्या पाठीवर टोपल्या लादून गावोगाव हिंडणारा मालवाहू फेरीवाला. खेड्यातील अंडी, लोणी आणि कोंबड्या तो बाजाराच्या गावी नेई, तिथला दुकानी माल परत खेड्यात आणी. किनाऱ्याकडचे कॅजर मासे घेऊन आतल्या भागात जात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटमाथ्यावरून कोकणात धान्य उतरवणारे आणि परतताना मीठ घेऊन वर येणारे वाहतूकदार महाराष्ट्राला परिचित आहेत. कॅजरचा आवाका त्यांच्यापेक्षा बराच लहान, पण धंद्याची जात तीच.

या नामावरून मागाहून क्रियापद पाडले गेले. ‘एडिटर’ या नामावरून इंग्रजीत ‘एडिट’ हे क्रियापद निघाले, तशीच ही उलटी व्युत्पत्ती आहे. सतराव्या शतकातील ‘कॅज’ म्हणजे माल घेऊन हिंडणे, ओझे वाहणे. स्वतः ‘कॅजर’ हा शब्द कुठून आला, यावर कोशकारांचे एकमत नाही. बांधणे या अर्थाच्या एका मध्ययुगीन इंग्रजी धातूशी त्याचा संबंध जोडला जातो, पण तो सिद्ध झालेला नाही.

स्कॉटिश कवी रॉबर्ट हेन्रिसन याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या नीतिकथांमध्ये कोल्हा, लांडगा आणि कॅजर यांची एक कथा आहे. हेरिंग मासे घेऊन निघालेल्या कॅजरच्या वाटेत कोल्हा मेल्याचे सोंग घेऊन पडतो. त्याच्या कातड्याचे हातमोजे होतील या आनंदात कॅजर त्याला मालावर टाकतो, आणि कोल्हा एकेक मासा खाली भिरकावून टोपल्या रिकाम्या करतो. तोच डाव नंतर लांडगा करायला जातो आणि मार खातो. पुढे ज्याच्या नावाचा अर्थच फुकटात दुसऱ्याचे लाटणारा असा होणार होता, तो या कथेत कष्टाचा माल गमावून बसलेला माणूस आहे.

राजालाही कधीतरी कॅजरच्या वाटेने यावे लागेल, अशा आशयाची एक जुनी स्कॉटिश म्हणही आहे. तिच्यात कॅजर राजाच्या तुलनेत क्षुद्र आहे हे खरे, पण तो भिकारी नाही. त्याला स्वतःची वाट आहे आणि त्या वाटेवर राजाला त्याची गरज पडू शकते.

मग माल वाहणारा फेरीवाला भिकारी कसा झाला?

अर्थ एका दिवसात पालटला नाही, आणि पालटण्यामागे भाषेपेक्षा कायदा व समाजाची नजर यांचा हात अधिक होता. घरदार सोडून रस्त्यावर जगणाऱ्या प्रत्येक माणसाकडे स्थिर वस्तीतले लोक संशयाने पाहत. इंग्लंडमधील १५७२च्या कायद्याने परवाना नसलेले फेरीवाले, कल्हईवाले आणि किरकोळ विक्रेते यांना भटक्या भामट्यांच्या एकाच यादीत बसवले होते. दारावर आलेला माणूस विकायला आला आहे, मागायला आला आहे की काही उचलायला आला आहे, हा भेद त्या यादीने जणू पुसूनच टाकला.

त्या भेदाची पुसट रेघ प्रत्यक्ष व्यवहारातही होती. चांगले रस्ते आणि चाकांची वाहने आल्यावर तट्टावरच्या वाहतुकीचा भाव उतरला, आणि ज्याच्या टोपलीत चार सुया व दोन नाड्या एवढाच माल उरला आहे, तो दारात उभा राहून विकतो आहे की दया मागतो आहे, हे घरधनिणीलाही सांगता आले नसते. ती दोन पैसे देई आणि नाडी परत करी. असे काही वेळा घडले की ‘कॅजर’ या शब्दातला माल गळून पडतो आणि दारात उभे राहणे तेवढे शिल्लक राहते.

मराठीत याच्या नेमका उलटा प्रवास झालेला एक शब्द आहे. ‘भिक्षुक’ म्हणजे मुळात भिक्षेवर जगणारा. पण आज भिक्षुक म्हटले की आपल्याला पंचांग पाहणारे, सत्यनारायण सांगणारे, लग्न लावणारे गुरुजी आठवतात, आणि भिक्षुकी हा एक व्यवसाय ठरतो. मागणाऱ्याचा व्यावसायिक झाला तो इथे, आणि व्यावसायिकाचा मागणारा झाला तो तिथे. एकाला धर्मसंस्थेचा आधार होता, दुसऱ्याला कायद्याचा धाक.

भीक मागणे या अर्थाने ‘कॅज’ प्रथम कोठे नोंदले गेले?

सुरुवातीच्या स्पष्ट नोंदींपैकी एक नोंद इंग्लंडमध्ये झालीच नाही. ती ऑस्ट्रेलियातील एका कैद्याने केली. जेम्स हार्डी वॉक्स (जन्म १७८२) हा चोरीच्या गुन्ह्यांसाठी न्यू साउथ वेल्सला तीन वेळा काळ्या पाण्यावर पाठवला गेलेला, पण लिहिण्या-वाचण्यात तरबेज असा माणूस होता. १८१२मध्ये शिक्षा भोगत असताना त्याने लंडनच्या चोर-भामट्यांच्या बोलीचा एक कोश तयार केला आणि तो वसाहतीतील अधिकाऱ्याला अर्पण केला. न्यायासनासमोर उभ्या असलेल्या कैद्यांची भाषा साहेबांना कळावी, हा त्यामागचा उघड हेतू. १८१९मध्ये लंडनमध्ये त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हा कोशही त्यांच्यासोबत छापला गेला. ऑस्ट्रेलियात रचला गेलेला पहिला कोश म्हणून त्याचा उल्लेख होतो.

वॉक्सने ‘कॅज’चा अर्थ भीक मागणे असा दिला आणि ‘द कॅज’ म्हणजे भीक मागण्याचा धंदा, अशी जोडही दिली. ‘धंदा’ हा भाग दुर्लक्षून चालणार नाही. ज्या जगातून हा शब्द आला, तिथे खिसा कापणे, घर फोडणे, खोटी नाणी खपवणे यांसारखेच भीक मागणे हेही एक कसब होते आणि प्रत्येक कसबाला आपले नाव होते. म्हणजे ‘कॅज’ हा शब्द गरजूचे वर्णन करण्यासाठी रूढ झाला नाही. मागण्याची कला साधलेल्यांच्या आपसातल्या बोलीतून तो वर आला. आजच्या सौम्य अर्थातही त्या चतुराईचा वास उरला आहे, तो तिथूनच.

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये ‘कॅजर’ कोणाला म्हणत?

हा काळ या शब्दाच्या भरभराटीचा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य होईल. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९-५०मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी लंडनच्या श्रमिकांवर लेखमाला लिहिली आणि १८५१पासून तिच्या आधारे ग्रंथरूपाने जे प्रसिद्ध केले, त्यात रस्त्यावर जगणाऱ्या माणसांची बोली त्यांच्याच तोंडून आलेली आहे. १८६०च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या चौथ्या खंडात भिकाऱ्यांवर स्वतंत्र विभाग आहे. तो अँड्र्यू हॅलिडे याने लिहिला.

या लेखनात मागणाऱ्यांच्या किती तऱ्हा येतात ते पाहण्यासारखे आहे. ऐन थंडीत मुद्दाम अर्धवट उघड्या अंगाने फिरणाऱ्यांच्या युक्तीला ‘शॅलो’ म्हणत. आग लागल्याची, जहाज बुडाल्याची, घरातला कर्ता गेल्याची खोटी पत्रे आणि दाखले लिहून देणारा तो ‘स्क्रीव्हर’. आगपेट्या विकणारी काही मुले एखाद्या सभ्य गृहस्थाला मुद्दाम धडकत, पेटी चिखलात पाडत आणि हंबरडा फोडत. गृहस्थ ओशाळून भरपाई देई. आगपेटी हा इथे माल नव्हताच, ते निमित्त होते. तट्टावर लोणी नेणाऱ्या कॅजरचा हा शेवटचा वंशज म्हणता येईल: हातात विक्रीची वस्तू आहे, पण विक्री होऊ नये अशीच त्याची इच्छा आहे.

मात्र हे सगळे वाचताना एक सावधगिरी हवी. या वर्णनांचा वाचक मध्यमवर्गीय होता आणि आपल्याला फसवले जात आहे या भीतीची त्याला चटकच लागली होती. लंडनमध्ये १८१८मध्येच भिक्षेकऱ्यांच्या बंदोबस्तासाठी एक संस्था स्थापन झाली होती. तिचे वर्गणीदार रस्त्यावर पैसे देण्याऐवजी चिठ्ठी देत आणि चिठ्ठी घेऊन येणाऱ्याची चौकशी करून त्याला अन्न दिले जाई. खरा गरजू आणि ढोंगी यांची अशी चाळणी लावली की ढोंग्यासाठी वेगळा शब्द लागतोच, आणि ती जागा ‘कॅजर’ने भरली. माझ्या मते या शब्दाचा तिरकस सूर मागणाऱ्यापेक्षा त्याला चाळणीतून पाहणाऱ्याचा अधिक आहे.

‘कॅजरचा नकाशा’ म्हणजे काय?

जॉन कॅम्डेन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाने १८५९मध्ये बोलभाषेतील शब्दांचा एक कोश काढला. त्यात भटक्यांच्या सांकेतिक खुणांची माहिती आणि भीक मागण्याच्या एका मुलखाचा, कॅजरने काढलेला म्हणून सांगितलेला, नकाशा छापला आहे. घरांच्या कोपऱ्यांवर खडूने केलेल्या खुणा वाचून मागून येणाऱ्या सोबत्याने कोणत्या दारात जावे आणि कोणते टाळावे हे ठरवायचे, अशी ही पद्धत.

खुणांचे अर्थ मोठे मासलेवाईक आहेत. ‘बोन’ म्हणजे चांगले घर, दुसरे काही नाही तरी थंड बटाटा नक्की मिळेल. ‘कूपर्ड’ म्हणजे फार जणांनी येऊन नासवलेले. एक खूण सांगते की हे लोक फार गरीब आहेत आणि त्यांना आपली सगळी हिकमत ठाऊक आहे, तेव्हा वेळ दवडू नका. ‘फ्लमक्स्ड’ म्हणजे धोका, इथे महिनाभराची कोठडी ठरलेली. धार्मिक पण एकंदरीत बरे, अशीही एक खूण आहे. आणि ‘गॅमी’ या खुणेचा अर्थ असा की पोलिसांच्या ताब्यात दिले जाण्याचा संभव आहे, शिवाय कुत्र्यापासून सांभाळा. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ ही म्हण त्या नकाशाच्या तळाशी लिहिली असती तरी कोणाला खटकले नसते.

एवढ्या नेटक्या खुणा सगळा देशभर खरोखर चालत होत्या, असे मात्र या एका नकाशावरून समजू नये. पुस्तक खपवायचे होते आणि गुप्त लिपीचे आकर्षण तेव्हाही कमी नव्हते.

ससाणे वाहून नेणाऱ्या चौकटीवरून हा शब्द आला, हे खरे आहे का?

ही कथा फार लोकप्रिय आहे. ससाण्यांकरवी शिकार करणारे श्रीमंत लोक आपले पक्षी एका लाकडी चौकटीवर बसवून रानात नेत. त्या चौकटीला ‘कॅज’ म्हणत. ती वाहणारा म्हातारा नोकर ‘कॅजर’, तो बक्षिसीसाठी हात पुढे करी, म्हणून ‘कॅज’ म्हणजे मागणे, असा तर्क सांगितला जातो. चौकटीचे नाव खरे आहे, पण ते सतराव्या शतकातले आणि बहुधा पिंजरा या अर्थाच्या ‘केज’ शब्दाचे रूपांतर आहे. टोपल्या वाहणारा कॅजर त्याच्या पुष्कळ आधीपासून नोंदलेला असल्यामुळे कथेचा क्रमच जुळत नाही. ‘ओल्ड कॉजर’ म्हणजे विक्षिप्त म्हातारा. हा शब्द मात्र ‘कॅजर’चेच उच्चारभेदाने झालेले रूप असण्याचा संभव बराच आहे.

कायद्यात ‘कॅज’ हा शब्द येतो का?

येत नाही. इंग्लंडमधील १८२४चा भटकेगिरीविरोधी कायदा भीक मागण्यासाठी ‘बेग’ हे क्रियापद वापरतो. नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५मध्ये संपल्यावर रस्त्यावर आलेल्या सैनिकांच्या आणि बेकारांच्या पार्श्वभूमीवर तो झाला, आणि सार्वजनिक जागी भीक मागणाऱ्यास त्यात एक महिन्यापर्यंत सक्तमजुरीची तरतूद होती. हॉटनच्या नकाशातील ‘महिनाभराची कोठडी’ ती हीच.

महाराष्ट्राशी संबंध येतो तो १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमामुळे. त्यातील व्याख्या मेह्यूच्या लंडनची आठवण करून देते, कारण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे किंवा वस्तू विकायला पुढे करणे अशा निमित्ताने मागणे हेही त्यात भीक मागणेच ठरते. पहिल्यांदा दोषी ठरलेल्यास एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू केला गेला होता; तेथे २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमे घटनाबाह्य ठरवली. वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाले, बहुरूपी यांच्याकडे या व्याख्येतून पाहिले तर काय दिसते, याचा विचार वाचकाने स्वतः करावा. त्यांच्यापैकी कोणालाही ‘कॅजर’ म्हणणे हा चुकीचा अनुवाद होईल, एवढे येथे सांगणे पुरेसे आहे.

‘स्क्राउंज’, ‘स्पंज’, ‘मूच’, ‘बम’ आणि ‘पॅनहँडल’ हे ‘कॅज’चेच समानार्थी शब्द आहेत का?

कोशात ते शेजारी बसतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘स्क्राउंज’ हा बोलीभाषेतला शब्द पहिल्या महायुद्धातील सैनिकांनी सर्वदूर नेला. त्यात मागणे कमी आणि शोधून, उचलून, जुगाड करून आणणे जास्त. खंदकासाठी फळकुटे आणि शेकोटीसाठी कोळसा ज्याने ‘कुठून तरी पैदा केला’ तो स्क्राउंज करणारा. मराठीतले ‘पैदा करणे’ येथे चपखल बसते. ‘स्पंज’ म्हणजे दीर्घकाळ दुसऱ्याच्या जिवावर जगणे. आपल्याकडे स्पंजाऐवजी बांडगूळ आहे. ‘मूच’ बहुधा लपणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला. ब्रिटनमध्ये तो उगाच रेंगाळण्यासाठी आणि अमेरिकेत फुकटात मिळवण्यासाठी अधिक चालतो.

‘बम’ अमेरिकेतला. जर्मन स्थलांतरितांच्या बोलीतील, उनाड फिरणारा या अर्थाच्या ‘बुमलर’वरून आधी ‘बमर’ झाला, आणि यादवी युद्धात १८६४मध्ये जनरल शर्मनच्या सैन्यातील जे शिपाई वाटेतल्या शेतांवरून धान्य-कोंबड्या उचलत, त्यांना हेच नाव पडले. लंडनचा माणूस जिथे सिगरेट ‘कॅज’ करतो, तिथे न्यूयॉर्कचा ती ‘बम’ करतो.

‘पॅनहँडल’ मात्र मित्रांमध्ये वापरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झालेला हा शब्द रस्त्यावर अनोळखी माणसापुढे हात पसरण्यापुरताच राहिला. पुढे केलेला हात तव्याच्या दांड्यासारखा दिसतो, म्हणून हा शब्द, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ‘कॅज’ कायद्याबाहेर राहिला, पण ‘पॅनहँडलिंग’ अमेरिकेतील अनेक शहरांच्या नियमांत शिरला; त्यामुळे बोलीतला असूनही त्याला कचेरीचा वास येतो.

मराठीत ‘कॅज’साठी कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द ठरवून सगळीकडे चिकटवणे हाच पहिला दोष होय. ही क्रिया कोण करतो यापेक्षा तिचे वर्णन कोण करतो आहे, हे आधी पाहावे.

तिसऱ्या माणसाविषयी नाराजीने बोलले जात असेल तर ‘उपटणे’ बहुधा जमते: ‘आला की दोन सिगरेटी उपटतो आणि जातो.’ ‘उकळणे’ अधिक कडक आहे, कारण त्यात दबाव येतो. पैसे आणि खंडणी उकळली जाते. शिवाय ‘त्याने माझ्याकडून चहा उकळला’ असे लिहिले तर वाचक क्षणभर स्टोव्ह शोधू लागेल. ‘लाटणे’ तर अन्यायाने बळकावण्याकडे जाते, म्हणून ते जमिनी आणि पुरस्कार यांच्यासाठी राखून ठेवावे. ‘उसने घेणे’ साफ चुकीचे आहे. उसन्याला परतफेडीचा वायदा असतो, मग ती वाटीभर साखर का असेना. हां, पात्र स्वतःच ‘उसने दे’ म्हणत असेल आणि दोघांनाही ते परत येणार नाही हे ठाऊक असेल, तर मात्र ‘उसने’ या शब्दाइतका उत्तम अनुवाद सापडणार नाही.

बोलणारा स्वतःविषयीच हा शब्द वापरत असेल, तर सूर पूर्ण बदलतो. ‘कॅन आय कॅज अ लिफ्ट?’ म्हणणारा स्वतःला हलकेच चेष्टेत घेऊन समोरच्याचा नकार सोपा करून ठेवतो. यासाठी मराठीत क्रियापद शोधू नये, वाक्य शोधावे: ‘आज जरा तुझ्या गळ्यात पडतो, जाता जाता मला स्टेशनवर सोडशील?’ नात्याप्रमाणे ‘सोडशील’चे ‘सोडाल’ होईल. ‘तुमच्या गाडीतून फुकट येऊ का?’ असे लिहिले तर शब्दार्थ येतो आणि माणूस हरवतो.

नामासाठी ‘फुकट्या’ जवळचा आहे, ‘ऐतखाऊ’ त्याहून कडू, आणि ‘उपटसुंभ’चा अर्थ पुष्कळदा वाटतो त्यापेक्षा वेगळा, म्हणजे आगंतुकपणे मध्ये घुसणारा, असा आहे, केवळ ‘उपटणे’शी नाद जुळतो म्हणून तो घेऊ नये. एकोणिसाव्या शतकातील लंडनवरच्या मजकुरात ‘कॅजर’ आला तर ‘भिकारी’ लिहून मोकळे होण्यापेक्षा ‘मागते’ किंवा ‘भिकेचा धंदा करणारे’ असे प्रसंग पाहून लिहावे. पंधराव्या शतकातल्या मजकुरात आला तर तिथे ‘मालवाहू फेरीवाला’ याखेरीज दुसरा अर्थ नाही, आणि तिथे ‘भिकारी’ लिहिणे ही चूकच ठरेल.

‘भिक्षा मागणे’ किंवा ‘माधुकरी मागणे’ हे पर्याय का चालत नाहीत?

कारण या शब्दांमागे मागणाऱ्याला प्रतिष्ठा देणारी एक चौकट उभी आहे. मुंजीत बटू ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणतो तेव्हा त्याची आई त्याच्या झोळीत घालते आणि मांडवातल्या सगळ्यांना त्याचे कौतुक वाटते. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक संपूर्ण समास आहे. गरीब विद्यार्थी घरोघर माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत, तेव्हा ते कष्टाचे आणि कधी अपमानाचेही होते, पण त्याला कोणी लबाडी म्हणत नसे. जोगवा मागणारी स्त्री देवीच्या नावाने परडी पुढे करते. या कोणत्याही मागण्यात चतुराईचा वास नाही, आणि चतुराई वजा केली तर ‘कॅज’मध्ये काहीच उरत नाही.

इंग्रजीलाही हा भेद ठाऊक आहे. भिक्षेवर राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांसाठी तिथे ‘मेंडिकंट’ असा लॅटिन घराण्यातला वेगळा शब्द आहे. फ्रान्सिस्कन साधू ‘कॅज’ करीत, असे कोणी लिहिले तर तो त्यांचा उपहास समजावा आणि अनुवादातही तो उपहासच राहू द्यावा.

बोलताना हा शब्द वापरला तर समोरच्याला राग येईल का?

स्वतःविषयी वापरल्यास सहसा नाही. ब्रिटनमध्ये राहणारे मराठी लोक तो सहकाऱ्यांकडून ऐकून काही दिवसांत उचलतात. दुसऱ्याने काही मागितले असता त्याच्या तोंडावर तो वापरणे वेगळे, कारण तेव्हा तुम्ही त्याचा हिशेब ठेवत आला आहात असा अर्थ निघतो. घर नसलेल्या, रस्त्यावर बसलेल्या माणसाविषयी आज तो वापरला तर ऐकणाऱ्याला कठोर वाटेल; तेथे लोक ‘बेग’ म्हणतात किंवा ‘पैसे मागत होता’ एवढेच सांगतात. उच्चार ‘कॅज’ असा, ‘जीव’मधल्या ‘ज’प्रमाणे शेवट करून; ‘जावई’मधला दंत्य ‘ज’ लावला तर लंडनच्या माणसाला शब्द ओळखू येणार नाही.